पावसाळ्याआधी काळ्या गाडीला पॉलिश की वॅक्स? आणि आधी काय?

पूर्वद्रुत

गाडी हॅचबॅक, रंग काळा मेटॅलिक, ४ वर्षं जुनी. विक्रोळीला सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते, डोक्यावर पर्जन्यवृक्ष. समोर टॉवरचं काम चालू असल्यामुळे सिमेंटची धूळ रोजचीच. सकाळी गाड्या पुसणारा मुलगा ओल्या फडक्याने पुसून जातो.

सध्याची अवस्था अशी: उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. टपावर पाण्याचे पांढरे डाग आहेत, ते धुऊन जात नाहीत. डाव्या मागच्या दारावर बोटभर लांबीची पांढरी रेघ. आणि गाडी धुतल्यावरही हात फिरवला की खरखर लागते.

दुकानात पॉलिश, वॅक्स, कंपाउंड आणि 'पॉलिश प्लस वॅक्स' असे चार डबे एकदम समोर येतात. यातलं काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने लावायचं, हाताने जमतं की मशीनच लागतं? बजेट ३ हजार. जून लागायच्या आत उरकायचं आहे.

रंगपेटी

आधी शब्द नीट करू, कारण मुंबईत गॅरेजवाला सगळ्यालाच 'पॉलिश' म्हणतो.

पॉलिश रंग खरवडतं. वॅक्स रंगावर बसतं. कंपाउंड म्हणजे जास्त जोराने खरवडणारं पॉलिश, गॅरेजच्या भाषेत 'रबिंग'. एवढं पक्कं झालं की क्रम विचारावाच लागत नाही. खरवडणं आधी, झाकणं नंतर. आधी वॅक्स लावून वर पॉलिश मारलंत तर लावलेलं वॅक्सच निघून येईल.

आता खरवडायला जागा किती आहे ते बघा. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग काळा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीच्या रंगात हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तुमची सगळी चकाकी अर्ध्या केसाच्या जाडीत आहे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनंही त्याच थरात आहेत.

तुमचे गोल चरे याच क्लिअर कोटमधले. चरे खरं तर सगळ्या दिशांना असतात. सूर्याभोवती ज्यांच्या कडा प्रकाश फेकतात तेवढेच दिसतात, म्हणून जाळं गोल वाटतं. पॉलिश चरा बुजवत नाही, आजूबाजूची जमीन चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणून प्रत्येक पॉलिश म्हणजे मुद्दलातून काढलेले पैसे. हलकं पॉलिश साधारण १-२ मायक्रॉन घेतं, कडक पॅडवर कंपाउंड ३-४ सहज. दर दिवाळीला 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्यांच्या गाडीचं बॉनेट आठ-दहा वर्षांत पापुद्रे धरतं, ते यामुळे.

'पॉलिश प्लस वॅक्स' डब्यात सौम्य अपघर्षक (खरवडणारे कण), थोडं वॅक्स आणि तेलं असतात. तेलं चऱ्यात बसतात, गाडी महिनाभर छान दिसते, दोन-चार धुण्यांत चरे परत हजर. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला हे पुरतं, कारण त्या रंगांवर चरे तसेही फारसे दिसत नाहीत. काळ्याला नाही.

दारावरच्या रेघेची परीक्षा: तिच्यावर पाणी लावा. ओली असताना गायब होत असेल तर ती क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने जाईल किंवा निदान फिकी होईल. ओली करूनही पांढरी दिसली तर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा प्रायमरपर्यंत गेला आहे, तिथे टचअप पेन. नख अडकण्याऐवजी उंचवट्यावरून गेलं तर ती रेघ तुमची नाहीच, दुसऱ्या गाडीचा किंवा खांबाचा रंग तुमच्या दाराला लागला आहे. तो डांबर काढायच्या द्रवाने आणि थोड्या कंपाउंडने उतरतो.

साबणफेस

रंगपेटींना अनुमोदन. पण 'धुतल्यावरही खरखर' हे वाचून मी इथेच थांबेन. ती खरखर न काढता पॉलिश केलंत तर तीच खर पॅडखाली सापडेल आणि नवे चरे पडतील.

विक्रोळीत ती खर बहुधा तीन गोष्टींची असणार. पहिली म्हणजे लोखंडाचे कण. लोकलच्या आणि गाड्यांच्या ब्रेकमधून उडतात, गरम असतानाच रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. रुळांजवळच्या सोसायट्यांत जास्त. दुसरी, सिमेंटची धूळ. दव किंवा रिमझिम पडली की ती रंगावरच आळते. तिसरी झाडाची. पर्जन्यवृक्षावर पिठ्या ढेकूण पडला की खाली चिकटा टपकतो, आणि त्या चिकट्यावर पहिल्या दोन गोष्टी येऊन बसतात.

क्रम असा ठेवा. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे.

आधी नुसत्या पाण्याने भरपूर भिजवा, काहीही न घासता. मग दोन बादल्या: एकीत १० लिटर पाण्यात २५-३० मिली गाडीचा शाम्पू (बाटलीवरचं प्रमाण वेगळं असेल तर ते पाळा), दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा साबणात बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्याच्या बादलीत खंगाळायचा, मगच परत साबणात. वरून खाली यायचं. दारांचा खालचा पट्टा आणि बंपर सगळ्यात शेवटी. चाकांना वेगळा ब्रश.

मग लोह काढणारा फवारा, म्हणजे 'आयर्न रिमूव्हर'. मारल्यावर लोखंडाचे कण असतील तिथे दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. काळ्या गाडीवर ते नीट दिसत नाहीत, पुसून पाहिलेल्या पांढऱ्या फडक्यावर कळतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो, तो रसायनाचाच आहे, बाटली खराब नाही. सुकू द्यायचं नाही, ५ मिनिटांच्या आत धुऊन टाका.

त्यानंतर क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मळायची माती. ५० ग्रॅमचा तुकडा तळहातावर मळून पोळीसारखा चपटा करा, तीन बोटांखाली मावेल एवढा. शाम्पूचं पाणी पत्र्यावर भरपूर फवारा आणि क्ले सरळ रेषेत, जवळपास दाब न देता, पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला खस्स खस्स आवाज येईल आणि क्ले अडखळेल. दहा-बारा फेऱ्यांत आवाज बंद होतो, क्ले लोण्यासारखी सरकते. तो भाग झाला. क्लेवर तपकिरी ठिपके दिसले की घडी घालून आत मळायची आणि स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडली तर सरळ कचऱ्यात. धुऊन वापरू म्हणाल, पण एक वाळूचा कण अख्ख्या बॉनेटला पुरतो.

खर गेली की नाही ते बोटांना नेमकं कळत नाही. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवून बघा, राहिलेला कणन् कण जाणवतो.

टपावरचे पांढरे डाग: टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, ते सुकले की कॅल्शियमचं कडं राहतं. महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, त्याने एवढे डाग पडत नाहीत. तेव्हा गाडी कोणत्या नळाच्या पाण्याने पुसली जाते ते वॉचमनला विचारा. उपाय: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडका भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवायचा, मग शाम्पूने धुवायचं. गरम पत्र्यावर कधीच नाही. क्षार गेल्यावरही डागाच्या जागी बारीक खळगा दिसत असेल तर क्लिअर कोट खाल्ला गेला आहे, त्यावर पॉलिशच.

पूर्वद्रुत

धन्यवाद दोघांनाही. रेघ ओली केल्यावर गायब होत नाही, पण नखाला उंचवटा लागतो. म्हणजे दुसऱ्याचा रंग. टपावर व्हिनेगरने निम्मे डाग जातात, उरलेले खळगे दिसतात.

आता मशीनचं सांगा. ३ हजारात बऱ्यापैकी मशीन येत नाही असं दिसतंय. सीएसटी रोडला 'बफिंग मारून देतो' म्हणणारे आहेत, त्यांच्याकडे द्यावी का?

खडूस_मेकॅनिक

देण्याआधी हातात कोणतं मशीन आहे ते बघा. लांब मानेचं, ग्राइंडरसारखं, नुसतं गोल फिरणारं असेल तर ते रोटरी. शिकलेल्या हातात उत्तम. पण आठ गाड्या एका दिवसात उरकणाऱ्याच्या हातात धोका, कारण सगळी उष्णता एका जागी जमते. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक नाही, म्हणून बंपर आधी जळतो. दाराच्या कडा, बॉनेटची घडी, चाकावरचा उंचवटा इथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब त्याच रेषेवर येतो. एका सेकंदात खालचा प्रायमर दिसतो. मग पॉलिशवाला म्हणणार, 'आधीपासूनच होतं साहेब.' गाडी देताना कडांचे फोटो काढा.

लोकरीच्या पॅडवर रोटरी मारून तशीच गाडी हातात दिली तर संध्याकाळी आरसा दिसते. दुसऱ्या दिवशी उन्हात धनुष्यासारख्या सावल्या हलताना दिसतात. त्याला होलोग्राम म्हणतात. ते काढायला परत फोम पॅड आणि बारीक पॉलिश लागतं, म्हणजे परत क्लिअर कोट जाणार.

विचारायचे प्रश्न तीनच. मशीन डीए (दुहेरी फिरणारं) आहे का? कंपाउंडनंतर वेगळं फिनिशिंग पॉलिश करणार का? आणि पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वॅक्स लावायच्या आधी, मला टॉर्चखाली बॉनेट बघू देणार का? तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर गाडी वळवून परत आणा. पॉलिशमधली तेलं चरे लपवतात, अल्कोहोलने ती उतरतात आणि खरं काम दिसतं.

आणि दोन गोष्टींना ठाम नाही म्हणा. एक, बादलीत केरोसीन टाकून पुसणं. चकाकी येते, पण असलेलं वॅक्स विरघळतं, काचेच्या रबरी पट्ट्या फुगतात आणि तेलकट थरावर धूळ दुप्पट बसते. दोन, 'टेफ्लॉन कोटिंग'. तव्यावर टेफ्लॉन चिकटवायला ३०० अंशांच्या वर भाजावं लागतं. गाडीचा रंग तिथवर पोचायच्या आधीच जळेल. त्या नावाने जे लावतात ते साधं पॉलिमर सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच रंगावर बसणारं पण कृत्रिम आवरण असतं. सीलंट म्हणून ठीक, पण पैसे सीलंटचेच द्या.

बिनधास्त_बफर

डीए म्हणजे दुहेरी फिरणारं, पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय मध्यबिंदूही झुलतो. एका जागी उष्णता साठत नाही, शिकाऊ माणसाच्या हातूनही रंग सहसा जळत नाही. मित्राचं मिळालं किंवा सोसायटीत तिघांनी मिळून घेतलं तर कामाची पद्धत अशी:

पॅनेलच्या कडांना, रबरांना, काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. हार्डवेअरवाल्याकडची साधी पिवळी टेप चालेल, पण त्याच दिवशी काढा. उन्हात राहिली तर गोंद उरतो.

५ इंची प्लेट (पॅड चिकटतो ती मशीनची चकती), साडेपाच इंची फोम पॅड, निदान तीन. प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरताना दिसली तर पॅड फिरत नाही, तुम्ही जास्त दाब देताय किंवा मशीन तिरकं धरलंय.

सुरुवात नेहमी सौम्याकडून. मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट तुकडा करून बघा. चरे समाधानकारक गेले तर पूर्ण गाडी त्यावरच. नाही गेले तर तेच पॉलिश जरा कडक पॅडवर. तरीही नाही तर कंपाउंड. सगळे चरे काढायचा हट्ट धरू नका. दहातले आठ गेले की काळी गाडी काळी दिसायला लागते, उरलेल्या दोनांसाठी द्यावा लागणारा क्लिअर कोट परवडत नाही.

पॅडवर हरभऱ्याएवढे ४ थेंब. पहिल्या पॅडला मात्र थोडं जास्त, कोरडा फोम पॉलिश पितो. मशीन बंद ठेवून पॅड तुकड्यावर टेकवत पॉलिश पसरवा, मगच चालू करा, नाहीतर समोरच्या भिंतीवर नक्षी. वेग १ वर एकदा पसरवा, मग ४ ते ५. हात हळू, सेकंदाला इंचभर. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवा. आधी आडवं, मग उभं, असे तीन-चार हात. पॉलिश पारदर्शक होत आलं की थांबा आणि पुसून टॉर्च मारा.

प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशने झाडायचा. हे सगळेच टाळतात. पॅडमध्ये साठलेला क्लिअर कोटचा गाळ सुकून गोळे होतात, तेच पुढच्या तुकड्यात रंगाला ओरखडतात आणि माणूस म्हणतो पॉलिश भिकार आहे.

पाऊसवेडा

मशीन नाही म्हणून अडायचं कारण नाही. हाताने जाळं पूर्ण जाणार नाही, पण निम्म्याहून जास्त फिकं होतं. मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड किंवा त्या जातीचं, ज्यातले खरवडणारे कण मुळातच अतिशय बारीक असतात, असं घ्या. जुन्या पद्धतीचं रबिंग कंपाउंड हाताने लावलंत तर चऱ्यांवर चरे. एका वेळी एक फूट बाय एक फूट, फोमचा गोल ॲप्लिकेटर, बोटांच्या टोकांनी नाही तर सपाट तळव्याने दाब. गोल गोल नाही, सरळ रेषेत घासा. म्हणजे राहिलेच चरे तर कमी दिसतील. एका तुकड्याला दोन-तीन मिनिटं. बॉनेट आणि टप एका सकाळी, दारं दुसऱ्या सकाळी. खांदा बोलतो, म्हणून वाटून करा.

३ हजारात शाम्पू, क्ले, आयर्न रिमूव्हरची छोटी बाटली, एक कंपाउंड, एक वॅक्स आणि फडकी असं बसवता येतं.

आता वॅक्स. हा माझा आवडता भाग आणि इथेच लोक सगळ्यात जास्त माल वाया घालवतात.

डब्यातलं पेस्ट वॅक्स म्हणजे कार्नाउबा (ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण), सोबत तेलं आणि द्रावक. शुद्ध कार्नाउबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण डब्यात ते एकटं नसतं, मिश्रण त्याहून बरंच आधी मऊ पडतं. मे महिन्यात उन्हातलं काळं बॉनेट हाताला चटका देतं ते आठवा. म्हणून उघड्यावरच्या काळ्या गाडीला नुसतं कार्नाउबा जेमतेम महिना-दीड महिना. पॉलिमर सीलंट तीनेक महिने जातं. चकाकी कार्नाउबाची जास्त ऊबदार, टिकाऊपणा सीलंटचा. तुमच्या पार्किंगला मी सीलंट किंवा 'सिंथेटिक' लिहिलेलं पेस्ट वॅक्स घेईन.

लावताना ॲप्लिकेटर डब्यावर एकच वळसा फिरवायचा. त्यात अर्धं बॉनेट झालं पाहिजे. थर इतका पातळ की तिरक्या प्रकाशातच दिसेल. अख्ख्या हॅचबॅकला १५-२० ग्रॅम पुरे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, रंगाला धरतो तो खालचाच पापुद्रा, वरचं सगळं तुम्हीच पुसून फडक्यात घालता आणि पुसताना घाम निघतो.

कधी पुसायचं? बोट परीक्षा. कोपऱ्यात बोट एकदा ओढा. मागे स्वच्छ चमकदार रेघ राहिली तर पुसा. रेघेत धुरकट ओलसरपणा राहिला तर थांबा. डब्यावर ५-१० मिनिटं लिहिलेलं असतं, मुंबईच्या दमट हवेत त्याची २०-२५ होतात. सकाळी ७ ते १० ही वेळ धरा, पत्रा थंड असतो. रात्री उशिरा लावू नका, दव पडलं की थर चिकट राहतो आणि पुसल्यावर ढगाळ पट्टे उमटतात. तसे पट्टे आलेच तर जास्त घासू नका. दुसऱ्या दिवशी थोडं ओलसर फडकं फिरवून कोरड्याने पुसा, बहुतेक जातात.

पहिला पाऊस पडायच्या आधी निदान एक कोरडा दिवस मिळेल असं बघा. दुसरा हात द्यायचा तर त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी द्या. दुसऱ्या हाताने चकाकी वाढत नाही, पहिल्यात सुटलेल्या जागा भरतात.

काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागलं तर पांढरं पडतं आणि निघता निघत नाही. आधीच टेप लावा. लागलंच तर शाळेतला साधा खोडरबर चालवा.

चिंधीचोर

सगळे डबे-बाटल्यांवर बोलताहेत, फडक्यावर कोणीच नाही. चरे पडले कशाने? सकाळच्या पुसण्याने. पोरगा वाईट नाही, पण एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ सिमेंट असतं. तुम्ही कितीही भारी पॉलिश करा, जुलैपर्यंत जाळं परत येणार.

त्याला काढून टाकू नका. काम बदलून द्या: काचा, आरसे, चाकं, आतलं पुसणं. रंगाला हात नाही. नुसतं कोरडं झाडायलाही नाही, कोरडी धूळ तर आणखी वाईट. नाहीच ऐकलं तर त्याला तुमचं स्वतःचं फडकं द्या आणि आधी तांब्याने पाणी ओतायला सांगा.

तुमच्यासाठी: पॉलिश पुसायला वेगळी फडकी, वॅक्स पुसायला वेगळी. वॅक्ससाठी मायक्रोफायबरची, लांब तंतूंची, ३५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) किंवा वर. एका घडीच्या आठ बाजू होतात, प्रत्येक पॅनेलला नवी बाजू. शिवलेलं लेबल कात्रीने काढा, ते काळ्या रंगावर ब्लेडसारखं चालतं. धुताना द्रव साबण, कोमट पाणी, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. सॉफ्टनर तंतूंवर थर धरतं, मग फडकं पाणी शोषत नाही, नुसतं ढकलतं. आणि सुती बनियनबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सगळा कापूस मायक्रोफायबरला चिकटतो.

जमिनीवर पडलेलं फडकं चाकांच्या डब्यात. तिथून त्याला बढती नाही.

डोंबिवली_फास्ट

मध्येच घुसतो. सिरॅमिक कोटिंग का नाही घेत कोणी? ९एच कडकपणा, चरेच पडत नाहीत म्हणे. शिवाय माझा पुढचा बंपर मागच्याच आठवड्यात गॅरेजमध्ये रंगवला आहे, त्याला वॅक्स लावू का?

रंगपेटी

९एच हे पेन्सिलीचं माप आहे. एचबी, २एच करत चढत जाणाऱ्या पेन्सिली कोटिंगवर ओढतात, ९एच त्यातली सगळ्यात कडक. हिऱ्याच्या कडकपणाची मोजपट्टी वेगळी. पेन्सिलीने ओरखडा न येणारं कोटिंग वाळूने आणि चिंधीचोरांच्या त्या बादलीने आरामात ओरखडतं. सिरॅमिकचा खरा फायदा चरे थांबवण्यात नाही. घाण कमी चिकटते आणि ते एक-दोन वर्षं जातं. पण त्याखाली जे आहे ते तसंच बंद होतं. चरे न काढता लावलंत तर चरे काचेखाली मढवले. शिवाय धूळ नसलेली बंद जागा आणि पहिला दिवसभर पाणी लागता कामा नये, विक्रोळीच्या उघड्या पार्किंगमध्ये बांधकामासमोर ते घरी करायचं नाव काढू नका. बाटलीतले सिरॅमिक स्प्रे ही वेगळी जात, ते धुतल्यावर फवारून पुसायचे, वॅक्सवर हप्त्या-दोन हप्त्यांनी चालतात.

बंपर: थांबा. कंपनीत रंग साधारण १४० अंशांना भाजतात, तो बाहेर पडतो तेव्हा पक्का असतो. गॅरेजची भट्टी ६० अंशांच्या आसपास, काही ठिकाणी नुसती हवाच. आतलं द्रावक कित्येक आठवडे बाहेर पडत राहतं. वर वॅक्सचं झाकण घातलंत तर ते अडकतं, रंग धुरकट पडतो किंवा बारीक फोड येतात. ३० ते ९० दिवस नुसता शाम्पू. रंगवणाऱ्याला विचारा, तो वापरलेल्या क्लिअरप्रमाणे सांगेल.

साबणफेस

मॅट रंगाच्या गाडीवाल्यांसाठी एका ओळीत: यातलं काहीच नको, ना पॉलिश ना वॅक्स, मॅटसाठीचा शाम्पू आणि मॅटसाठीचं सीलंट बस. पॉलिश लागलेली जागा चकाकते आणि परत मॅट होत नाही.

पूर्वद्रुत

बेत असा ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. पहिल्या शनिवारी धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले. लगेच रविवारी हाताने बॉनेट, टप आणि दारावरची रेघ. पुढच्या शनिवारी बाकीची दारं आणि लगेच सगळीकडे सीलंट वॅक्स. मधला आठवडा गाडी नेहमीसारखी ऑफिसला.

पाऊसवेडा

मधला आठवडा चुकतोय. क्ले आणि कंपाउंडनंतर बॉनेट आणि टप उघडे पडले, त्यावर आठवडाभर चिकटा आणि कबुतरं. पुढच्या शनिवारी क्ले परत करावी लागेल. रविवारी जेवढं पॉलिश कराल तेवढ्याला त्याच दिवशी सीलंट लावून टाका. दारांना क्ले पुढच्या शनिवारीच करा, पॉलिशच्या जोडीला.

पॉलिश आणि सीलंटच्या मध्ये अल्कोहोलचं पुसणं विसरू नका: बाजारात ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल मिळतं, त्याच्या एका भागाला दोन भाग पाणी. तेलाचा थर राहिला तर सीलंट रंगाला धरत नाही, तेलाला धरतं आणि तेलाबरोबर निघून जातं. कार्नाउबाला एवढं सोवळं लागत नाही.

कबुतराचं पडलंच तर कोरडं खरवडू नका. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवा, मग उचला, पुसू नका. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो आणि थंड होताना वाळलेल्या शिटेभोवती आखडतो, म्हणून मे महिन्यात एका दिवसातही ठसा उमटू शकतो. 

पूर्वद्रुत

बरोबर, तसंच करतो. शेवटची शंका: वॅक्स संपलं हे कसं ओळखायचं? थेंब गोल बसायचे थांबले की?

साबणफेस

आधी शाम्पूने धुऊन मग थेंब बघा. धुळीच्या थरावर पाणी पसरतं आणि वॅक्स असूनही गेल्यासारखं वाटतं. धुतल्यावरही बॉनेटवर पाणी चादरीसारखं आळसावून बसत असेल तर गेलं. टप आणि बॉनेट सगळ्यात आधी जातात, दारं महिनाभर मागे असतात. तेव्हा गणपतीच्या सुमारास नुसत्या आडव्या भागांना एक हात द्या, अख्ख्या गाडीला नको. त्या वेळी पाऊस असला तर पोडियमखाली किंवा स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये, दोन तास जागा मागून घ्या. पत्रा पूर्ण कोरडा हवा, आरशांच्या आणि दारांच्या फटीतलं पाणीही आधी फुंकून किंवा पुसून काढा, नाहीतर वॅक्स लावताना तेच ओघळ खाली येतात.

चिंधीचोर

आणि स्टिल्टमध्ये लावताना वरच्या स्टॅक पार्किंगमधून ऑइल टपकत नाही ना ते आधी बघा.